कंपनी कितवी आली

शाळेचा निकाल लागला की माझे वडील एकच विचारायचे, "कितवी आलीस?" टक्क्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. पेपर सोपा निघाला की सगळ्यांचेच टक्के वाढतात, नंबर मात्र आपली जागा दाखवतो, असं त्यांचं म्हणणं. स्वतः चौथीपर्यंत शिकलेले, नंतर सगळं आयुष्य बोटीवर. आमच्या तारोडीच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मान खाली घालून सांगत नाही. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. त्या अभिमानाचं पुढे जे झालं तेच इथे लिहायचं आहे.

नोकरीही मला कोण कितवं आलं हे सांगण्याचीच लागली. अंधेरीच्या एका ऑफिसात मी लॅपटॉपच्या कंपन्यांचा बाजारातला वाटा काढते. देशात शंभर लॅपटॉप विकले गेले, तर त्यातले कोणाचे किती. दर तीन महिन्यांनी आमचा अहवाल निघतो. कंपन्या तो विकत घेतात, त्यातल्या दोनचार ओळी पेपरात येतात. वडिलांना हे पहिल्यांदा समजावलं तेव्हा जाळं विणता विणता ते मोठ्याने हसले.

"म्हंजे तू मास्तरीन झालीस, बाय. कंपन्यांचा निकाल लावतंस."

तेव्हापासून अहवालाचं काम संपवून घरी आले की उंबऱ्यातच प्रश्न यायचा. कोन पयली? कोन नापास?

मुलाखतीत आमच्या मॅडमनी विचारलं होतं, "मंदी उठायला लागली की सगळ्याच कंपन्यांची विक्री वाढते. मग त्यातली खरी चांगली कोणती, हे कसं ओळखाल?" माझ्या आधी आत गेलेली मुलं मोठमोठ्या कॉलेजातली. ती काय बोलली मला माहीत नाही. मी म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते. बंदी उठली की पहिले दिवस सगळ्याच बोटी भरून येतात. दोन महिने दर्याला कोणी हात लावलेला नसतो ना. त्या दिवसांत प्रत्येक तांडेल स्वतःला हुशार समजतो. पण पाट्या किती भरल्या ते बघून काही कळत नाही. गावात एकूण जेवढा म्हावरा उतरला त्यात आपला वाटा गेल्या सालापेक्षा वाढला की घटला, ते बघायचं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तांडेल म्हणजे?"

"बोट चालवणारा. आमच्या बोटीवर माझे वडील."

नोकरी मिळाली. एवढं शहाणपण घेऊन आलेली मी पहिल्याच महिन्यात तोंडावर आपटले, तेही सांगते. आमच्या भागातला माल वितरकाच्या गोडाऊनमधून सुटतो, वरसाव्याला, पुलाच्या अलीकडे. मी तिथे जाऊन कोणत्या कंपनीचे किती खोके दुकानांकडे गेले ते काढलं आणि विक्री म्हणून लावून टाकलं. मॅडमनी कागद बघितला.

"हे खोके कुठे गेले?"

"दुकानांत."

"आणि दुकानातून?"

मी कागद उलटा करून बघितला.

"दुकानदाराने उचलला म्हणजे माल विकला गेला, असं तुला कोणी सांगितलं?"

"आमच्याकडे तसंच असतं मॅडम. बोटीतून व्यापाऱ्याच्या पाटीत पडला की म्हावरा विकला. परत कोण आणणार? सडलेला कोण घेणार?"

त्या हसल्या, पण मला हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अगं, मासा पडून राहिला की वास येतो. लॅपटॉपला वास येत नाही. दुकानात वर्षभर पडून राहील आणि कंपनी तरी सांगत राहील, आम्ही विकला. तो वास तुला काढायचाय. तुझा पगार त्याचाच."

तेव्हापासून मी आधी गिऱ्हाइकाच्या हातात गेलेला माल बघते. दुकानात साचलेला वजा करते. मंदी उठते तेव्हा तर हे जास्तच करावं लागतं. बाजार हलायला लागला की कंपन्यांना घाई होते. दुकानदाराच्या गळ्यात खोके मारायचे, स्कीम द्यायची, आणि जगाला सांगायचं की बघा, आम्ही उठलो.

लॉकडाऊनमध्ये मुलांच्या शाळेसाठी घराघरात लॅपटॉप घुसले होते. मग बराच काळ कुत्रंही विचारेना. ज्याला हवा होता त्याने घेऊन झाला होता. मीरा रोडच्या दुकानांत शटर अर्धं खाली ओढून माणसं मोबाईलवर पत्ते खेळत बसायची. मग हळूहळू बाजार उठला. जुनी मशिनं दमली, ऑफिसं नवी घ्यायला लागली. सगळ्यांच्याच आकड्यांत जीव आला.

त्यात एक कंपनी होती. नाव लिहीत नाही, लिहिलं तरी आता कोणाला आठवणार नाही. त्या तिमाहीत तिची बिलं सगळ्यांत जोरात वाढली होती. मी अहवालात दोन वाक्यं लिहिली. पहिलं असं, की बाजार सावरताना या कंपनीची वितरकांना होणारी विक्री सर्वांत वेगाने वाढली आहे. दुसरं असं, की गिऱ्हाइकापर्यंत पोचलेल्या मालात तिचा वाटा मात्र घटतो आहे आणि माल दुकानांत साचतो आहे, म्हणून या वाढीवर भरवसा ठेवू नये. पेपरात पहिलं वाक्य आलं. दुसरं आलं नाही. पेपरवाल्यांना जागा कमी पडली असेल. वाढीची बातमी होते, साचण्याची होत नाही.

ती बातमी माझ्या भावाने वाचली.

दादा माझ्याहून मोठा. दहावीनंतर तो बोटीवर गेला, कारण बोटीवर कोणीतरी जायला हवं होतं आणि मी अभ्यासात बरी होते. हे आमच्या घरात कोणी कधी तोंडाने बोललं नाही. आई गेल्यापासून घरात आम्ही तिघंच. रविवारी सकाळी मी चहा ओतत होते. दादाने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला.

"ही तुझी कंपनी ना? रिपोर्ट काढनारी?"

"माझीच."

"आनि ही सगळ्यात फास्ट वाढतेय. तूच लिवलंय?"

"लिहिलंय मीच. पण अर्धंच छापलंय."

त्याने माझं दुसरं वाक्य ऐकूनच घेतलं नाही. त्याच्याकडे सांगायला खूप होतं. त्या कंपनीचा एरिया मॅनेजर महिनाभर त्याला भेटत होता. मीरा रोडला पूनम सागरमध्ये एक गाळा बघून ठेवला होता. फक्त त्याच कंपनीचं शोरूम, वर कंपनीचा बोर्ड, आत एसी. गाळ्याची पागडी आणि कंपनीकडे ठेवायची अनामत, दोन्ही एकरकमी हवी होती. एकरकमी देण्यासारखी आमच्याकडे एकच गोष्ट होती. बोट.

वडील कोपऱ्यात बसले होते. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. दादाकडे नाही.

"बाय, कितवी हाय ती कंपनी?"

"पाचवी."

"मागल्या टायमाला?"

"चौथी."

"मंग खाली गेली की."

"बाबा, पन विक्री वाढली ना तिची!" दादा उसळला.

"सगल्यांचीच वाढली आसंल," वडील म्हणाले. "पेपर सोपा व्हता."

मला इतकं बरं वाटलं त्या वेळी. वाटलं, संपलं. बोट वाचली. माझ्या आयुष्यात मी कधी कोणाला इतक्या सहज पटलेले नव्हते, आणि तेही माझ्या बापाला. दादा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मी मोठेपणा केला. म्हटलं, माझ्यावर विश्वास नसेल तर चल, डोळ्यांनी दाखवते. वरसाव्याला जाऊ.

ते मी म्हणायला नको होतं की काय, यावर मी पुष्कळ विचार केलाय. नसतं म्हटलं तरी दुसरं काही झालं असतं असं मला वाटत नाही.

गोडाऊनचा माणूस मला ओळखत होता. आत गेलो तर त्या कंपनीचे खोके छपरापर्यंत. एक भिंत भरून दुसऱ्या भिंतीला लागलेले, मधली वाट एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच. बाकीच्या कंपन्यांचा माल दाराजवळ होता, येत होता, जात होता. हा आत होता आणि वरच्या खोक्यांवर धूळ बसली होती. मी मुद्दाम बोट फिरवून ती धूळ दादाला दाखवली.

तेवढ्यात तो एरिया मॅनेजरच आला. इन केलेला शर्ट, गळ्यात पट्टा, मला बघून हात जोडले.

"अरे मॅडम! आप तो हमारी दुश्मन निकली! पाचवा नंबर दे दिया?"

"जो था वो दिया," मी म्हणाले.

"नंबर से क्या होता है मॅडम, माल देखो ना माल!" आणि त्याने त्या भिंतीवर असा हात फिरवला जसा बैलाच्या पाठीवर फिरवतात. "इसको बोलते हैं भरोसा. कंपनी का भरोसा है मार्केट पे."

"मार्केट को भी है क्या?"

"आप पढ़े-लिखे लोग ना, शादी में भी पूछते हो डिव्होर्स का क्या रेट है." दादा हसला. मी नाही हसले.

परत येताना स्कूटरवर मी मागे बसले होते. दादा नेहमीपेक्षा हळू चालवत होता. मला वाटलं, पटलं त्याला. अर्ध्या वाटेत त्याने स्कूटर बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि म्हणाला, "बाये, आज भरलेली बोट बगितली."

"काय?"

"एवढा माल! छपरापर्यंत! ज्याच्याकडं माल हाय त्याच्यात दम हाय. रिकामी बोट घेऊन कोन येतं? ज्याच्यावर दर्या रुसतो तो."

मी डोकं धरलं. "अरे, तो न विकलेला माल आहे. धूळ दाखवली ना तुला? तो पकडलेला म्हावरा नाही, तो बंदरावर पडून राहिलेला आहे!"

"पडून ऱ्हायलेल्याचा वास येतो. तिथं कुटं वास होता?"

माझीच जुनी चूक. मला मॅडमनी एका वाक्यात त्यातून सोडवलं होतं, कारण मला सुटायचं होतं. तेच वाक्य मी दादाला सांगितलं, लॅपटॉपला वास येत नाही म्हणून. त्याने शांतपणे ऐकलं. मग माझ्याकडे न बघता बोलला, आणि ते बोलणं कंपनीबद्दल नव्हतंच.

"तू सुटलीस. तुला म्हायती हाय का, डिसेंबरात पहाटे जाळं वढताना हात कसे होतात? तू एसीत बसून सांगतेस कोन कितवा. मी कितवा, ते कदी कोनी इचारलंय? मला पन वर बोर्ड पायजे. पाचवी तर पाचवी. मी तर कुटंच न्हाय."

अहवालात अशा गोष्टीचा रकाना नसतो.

घरी वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. गोडाऊनचं, मॅनेजरचं, माझं, दादाचं. मग त्यांनी दादाला विचारलं, "तुजं मन काय सांगतंय?"

"मला दर्यात न्हाय जायचं, बाबा."

"कंपनी खाली चाललीय, तुजी भैन सांगतेय. ती खोटं न्हाय बोलायची."

"न्हाय बोलत. पन मला न्हाय जायचं."

वडिलांनी हाताची बोटं उघडून मिटली. शेवटी म्हणाले, "मी आता किती दिस जानार? आनि हा न्हाय जानार तर बोट कोनासाठी?" माझं त्यांना पूर्ण पटलं होतं आणि त्यांनी निर्णय माझ्या विरुद्ध दिला. माझा आकडा बरोबर असूनही हरतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

बोट वसईकडच्या एकाने घेतली. न्यायला आला त्या दिवशी समुद्र सपाट होता, काहीच नाट्य नव्हतं. वडिलांनी केबिनमधला देवीचा फोटो काढून पंच्यात गुंडाळला. वसईवाल्याला इंजिनाची एक खोड सांगितली, गार असताना कसं चालू करायचं ती. पुन्हा सांगितली. तिसऱ्यांदा सांगायला लागले तेव्हा तो म्हणाला, "समजलं, काका." मग बोट गेली. दादा तिथे नव्हता. पूनम सागरला बोर्ड चढत होता.

शोरूम सुंदर होतं, हे मात्र सांगते. पांढरे दिवे, काचेचं दार, टेबलावर उघडे ठेवलेले लॅपटॉप, सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच निळा डोंगर. उद्घाटनाला अर्धी तारोडी आली. दादाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि तो कोणाला बसा म्हणावं, कोणाला चहा द्यावा, या गडबडीत इतका आनंदी होता की मीही त्या दिवशी आकडे विसरले. वडील एसीखाली अंग चोरून बसले होते. मला हळूच म्हणाले, "थंडी वाजतंय गं."

सुरुवातीचे महिने चांगले गेले. बाजार वर चालला होता, दिवाळी होती. दादा मला टोमणे मारायचा, "काय मास्तरीनबाई, पाचवीवाली पास झाली का न्हाय?" मी म्हणायचे, झाली बाबा. बंदीनंतरचे पहिले दिवस होते ते.

पण कंपनीचं टार्गेट असायचं. मॅनेजर महिनाअखेरीला यायचा, खांद्यावर हात टाकायचा. "भाई, बस इतना उठा लो. नहीं उठाया तो पूरा स्कीम जाएगा." दादा उचलायचा. शोरूमच्या मागच्या खोलीत खोके साठत गेले. मी एकदा तिथे पाणी प्यायला गेले आणि वरसाव्याची ती भिंत मला पुन्हा दिसली. छोटी होती, एवढंच.

त्या तिमाहीला मी ऑफिसात बसून त्या कंपनीची बिलं बघत होते. पुन्हा वाढ. त्या वाढीत माझ्या भावाचे खोके होते. कंपनीने ते विक्री म्हणून दाखवले होते आणि माझं काम होतं साचलेला माल वजा करण्याचं. मॅडमनी विचारलं, "तुझ्या भावाचं दुकान त्या भागात आहे ना? हे दुसऱ्या कोणाला देऊ का?"

"नको. मी करते."

"जड जाईल."

"मॅडम, पाचवीची पहिल्यापासून मीच बघतेय."

मी ते वजा केले. घरी गेले तर वडील उंबऱ्यातच. "कितवी?"

"सहावी."

त्यांनी मान हलवली आणि दादाला सांगितलं नाही. मीही नाही. सांगून काय झालं असतं? बोट थोडीच परत येणार होती.

मग कंपनीने तोच लॅपटॉप ऑनलाइन स्वतः विकायला काढला. ज्या भावात दादाने त्यांच्याकडून घेतला होता त्याहून स्वस्त. गिऱ्हाईक शोरूममध्ये यायचं, मशीन हातात घेऊन बघायचं, कीबोर्ड दाबून बघायचं, एसीत घाम वाळवायचं आणि दारातच मोबाईलवर ऑर्डर टाकायचं. एक बाई तर दादालाच म्हणाली, "भैया, कौन सा मॉडेल बोला था? स्पेलिंग बताओ ना." त्याने स्पेलिंग सांगितलं. रात्री जेवताना त्याने ते हसत सांगितलं, पण घास तोंडात तसाच धरून बसला.

मॅनेजरचा फोन आधी लागायचा नाही, मग लागला. "भाई, मैंने तो कंपनी छोड़ दी. अभी दूसरी में हूँ. उसका शोरूम खोलना है क्या?" दादाने फोन ठेवून दिला. अनामतीबद्दल मुख्य ऑफिसला विचारलं तर एक मुलगी रोज गोड आवाजात सांगायची, तुमची तक्रार नोंदवली आहे.

अहवालात एक पद्धत असते. ज्या कंपनीचा वाटा अगदीच कमी होतो तिला स्वतंत्र ओळ ठेवत नाहीत. शेवटी "इतर" म्हणून एक ओळ असते, तिच्यात टाकतात. त्यासाठी कोणाला विचारावं लागत नाही. तक्त्यातली एक ओळ पुसायची आणि तिचा आकडा खालच्या ओळीत मिळवायचा. मी दुपारी, डबा खाऊन झाल्यावर ते केलं. तक्ता एका ओळीने आखूड झाला. नीटनेटका दिसत होता.

घरी वडिलांनी विचारलं, "कितवी?"

"आता नंबर नाही बाबा. इतरांत गेली."

"इतर म्हंजे?"

"लहान लहान कंपन्या. सगळ्यांची मिळून एक ओळ."

"किती असतात त्यात?"

"पुष्कळ."

"त्यांची नावं कोन लिवून ठेवतं?"

"कोणी नाही."

ते उठले, फोटोतल्या देवीपुढची विझलेली उदबत्ती काढून टाकली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. पुन्हा त्यांनी कधी कितवी म्हणून विचारलं नाही.

मागच्या खोलीत खोके राहिले होते. आणि तिथे एक पेच होता. नवा लॅपटॉप सीलबंद असतो. सील तुटलं की तो नवा राहत नाही, भाव पडतो. पण सीलबंद ठेवून फार महिने गेले तर आतली बॅटरी चार्ज न मिळाल्याने मरते. म्हणजे फोडला तर जुना, नाही फोडला तर मेलेला. दादा सील फोडायला तयार नव्हता. कंपनी माल परत घेईल, अशी त्याची आशा होती, आणि परत घ्यायचा तर सील शाबूत हवं. जोपर्यंत सील होतं तोपर्यंत त्याच्या लेखी कंपनी होती.

मी एकदाच बोलले. "दादा, कंपनीने हा सगळा धंदाच गुंडाळलाय. कोणी येणार नाही."

"तुला नक्की म्हायती हाय?"

"हो."

"तुला नेमी नक्की म्हायती असतं," तो म्हणाला. रागाने नाही. थकून.

गाळा सोडायच्या आधीच्या रविवारी आम्ही तिघं शोरूममध्ये गेलो. एसी बंद होता, विजेचं कनेक्शन तेवढं चालू होतं. दादाने पहिला खोका टेबलावर ठेवला. सीलवर अंगठा फिरवला, पिशवीतून कोयती काढली, बोटीवर दोर कापायची तीच, आणि सील कापलं. एवढा छोटा आवाज झाला.

बटण दाबलं. काही नाही. चार्जर लावला, थांबलो. काळा स्क्रीन, त्यात आम्ही तिघं.

"मेला," वडील म्हणाले.

दुसरा फोडला. तो लुकलुकला आणि लागला. स्वागत, असं काहीसं इंग्रजीत आलं. वडील पुढे वाकले. त्यांनी स्क्रीनच्या कडेला एक बोट लावलं, ताजा आहे का बघण्यासाठी माशाचा कल्ला उघडतात तसं.

मग आमचं काम ठरून गेलं. दादा सील कापायचा, मी चालू करून बघायचे, जो जगेल तो वडिलांकडे जायचा. त्यांनी भिंतीशी मांडी घालून बसून घेतलं होतं, शेजारी वायरींचा गुंता. एका वेळी जितक्या पिना होत्या तितके लॅपटॉप त्यांच्यासमोर ओळीत उघडे. मेलेले आम्ही दाराशी ठेवले. भंगारवाला ते घेणार होता. जिवंत निघतील ते जुन्याच्या भावात स्टेशनबाहेरचा एक दुकानदार उचलणार होता. तो आदल्या दिवशी येऊन म्हणाला होता, "चार्ज करके देना भाई, तभी हाथ लगाऊंगा."

दादा कोयती पुसत म्हणाला, "बंदी उठली की जातोय मी. वसईवाल्याशी बोललोय."

वडिलांनी वर बघितलं नाही. "आपल्या बोटीवर?"

"त्याच्या बोटीवर."

"तांडेल म्हनून?"

"खलाशी म्हनून, बाबा. तांडेल त्याचा मुलगा हाय."

वडिलांनी एक वायर सोडवली. तिची गाठ नखाने सुटेना तेव्हा दातात धरून सोडवली. म्हणाले, "गार असताना ते इंजिन पयल्यांदा घेत न्हाय. त्याच्या पोराला सांग."

"सांगतो."

दादाने पुढचा खोका ओढला. बाहेर पूनम सागरची संध्याकाळची गर्दी काचेपलीकडून जात होती. एक पोरगी थांबली, आत डोकावली, ओळीत उघडे लॅपटॉप बघून आईला म्हणाली, "मम्मी, सेल लगा है." आई तिला ओढत घेऊन गेली.

वडिलांनी समोरच्या स्क्रीनकडे डोळे बारीक करून बघितलं. कोपऱ्यातलं बॅटरीचं चित्र भरलं होतं. त्यांनी पिन काढली, झाकण हलकेच लावलं आणि हात पुढे केला.

"ही भरली. दुसरी दे."